सेफ्टी कमिटी की वर्कमन इन्स्पेक्टर? दोन्ही कामं केलेल्याचं मत

गेल्या महिन्यात ओळखीतला एक ओव्हरमन, म्हणजे पाळीच्या कामावर देखरेख करणारा, घरी आला होता. भूमिगत कोळसा खाणीत त्याची आठ-नऊ वर्षं झाली आहेत. युनियनने त्याच्यापुढे दोन जागा ठेवल्यात: खाणीच्या सेफ्टी कमिटीत कामगारांच्या बाजूने बस, नाहीतर मायनिंगचा वर्कमन इन्स्पेक्टर, म्हणजे युनियनशी बोलून नेमलेला सुरक्षा तपासनीस, म्हणून तुझं नाव पुढे करतो. "भाऊ, तुम्ही दोन्ही केलंय. मी काय घेऊ?" त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं, ते सगळं इथे लिहितो. असाच प्रश्न पडलेले आणखीही कुणी असतील.

पात्रता, अनुभवाची अट, नेमणुकीचं पत्र हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी आधी चार वर्षं कमिटीत होतो, नंतर सहा वर्षं इन्स्पेक्टर. खाण एकच, विदर्भातली. दुसऱ्या खाणीत वेगळं चित्र असू शकतं, हे आधीच मान्य करतो.

आपल्याकडे शंभराहून जास्त माणसं असलेल्या खाणीत सेफ्टी कमिटी लागते आणि पाचशे किंवा जास्त माणसं असतील तर वर्कमन इन्स्पेक्टरही लागतात: एक मायनिंगचा, एक इलेक्ट्रिकलचा, एक मेकॅनिकलचा. म्हणजे लहान खाणीत हा प्रश्नच येत नाही, तिथे कमिटी एवढंच काय ते हातात असतं. मोठ्या खाणीत मात्र दोन वाटा आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण काम बंद पाडायचा अधिकार दोघांनाही नाही. दोघांनी सल्ला द्यायचा, मानायचा की नाही ते मॅनेजरने ठरवायचं. मग फरक कुठे पडतो? सल्ला कोण लिहितं आणि त्याला उत्तर कोण देतं, इथे.

कमिटीची रचना कागदावर समतोल वाटते. मॅनेजर अध्यक्ष, त्याने नेमलेले पाच अधिकारी किंवा जाणकार माणसं, कामगारांकडून आलेले पाच जण, आणि सेफ्टी ऑफिसर सेक्रेटरी. तीस दिवसांतून एकदा तरी बैठक. कमिटीने शिफारस केली की पंधरा दिवसांत त्यावर काय केलं हे व्यवस्थापनाने कळवायचं. पाचास पाच, दर महिन्याला बैठक, उत्तराची मुदत ठरलेली. पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा मला खरोखर वाटलं होतं की यात काम होईल. काही कामं झालीही. लॅम्प केबिनबाहेर पावसात उभं राहावं लागायचं, तिथे शेड झालं. बुटांचे साइज मिळत नव्हते, ते मिळायला लागले.

पण एका गोष्टीने मी तिथून उठलो. ती गोष्ट म्हणजे मिनिट्स, बैठकीचं इतिवृत्त.

आमच्या हॉलेज रस्त्यावरचे (कोळशाचे डबे, म्हणजे टब, दोराने ओढतात तो रस्ता) मॅनहोल, म्हणजे टब येताना माणसाने आत सरकून उभं राहायचं म्हणून भिंतीत केलेले कोनाडे, जुन्या लाकडांनी आणि मोडक्या रोलरांनी भरून गेले होते. सगळेच नाही, सलग तीन. सलग तीन म्हणजे मधल्या पट्ट्यात टब आला तर माणसाला जायला जागाच नाही. एप्रिलच्या बैठकीत मी हे मांडलं. कितव्या लेव्हलजवळ, म्हणजे आडव्या रस्त्याजवळ, कोणत्या बाजूला, आत काय पडलंय, सगळं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅनेजरसाहेबांनी तिथेच सेफ्टी ऑफिसरला सांगितलं, बघून घ्या. मी समाधानाने पाळीवर गेलो.

मिनिट्स हातात आले तेव्हा त्यात एक ओळ होती: "हॉलेज मार्गाच्या स्वच्छतेबाबत चर्चा झाली." मे महिन्यात पुन्हा विचारलं, तर "सदर बाब कार्यवाहीत आहे." जूनमध्ये तो विषयच यादीत नव्हता. मॅनहोल हा शब्द तिन्ही महिन्यांत एकदाही आला नाही. "कार्यवाहीत" हा शब्द मात्र पुढे चार वर्षं माझ्या डोक्यात घर करून राहिला.

मी सेक्रेटरीला जाऊन म्हटलं, साहेब, माझे शब्द माझ्या नावाने लिहा. तो माणूस वाईट नव्हता, उलट खाणीत सगळ्यात जास्त फिरणारा अधिकारी तोच होता. त्याने दार लोटून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की मिनिट्सचा मसुदा आधी अध्यक्षांकडे जातो आणि परत येतो तो असा येतो. अध्यक्ष म्हणजे मॅनेजर. सेफ्टी ऑफिसरचा वार्षिक अहवालही तोच लिहितो. त्या दिवशी मला कमिटीचं खरं गणित उमगलं. शिफारस करणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष जो, शिफारस घेणाराही तोच आणि पंधरा दिवसांत उत्तर देणाराही तोच. मधे शब्द लिहिणारा त्याच्या हाताखालचा. यात कुणी खोटं बोलत नाही. पण टोकदार गोष्ट बोथट होऊन बाहेर पडते.

पावसाळ्यात त्याच पट्ट्यात एका ट्रामरच्या, म्हणजे टब ढकलणाऱ्या कामगाराच्या, पायावरून टब गेला. तो वाचला, पण दोन बोटं गेली. चौकशीत प्रश्न आला: हा धोका आधी कुणी निदर्शनास आणला होता का? मी म्हटलं, हो, मी, एप्रिलमध्ये. समोर मिनिट्स उघडे होते आणि त्यात स्वच्छता होती. मी खोटं बोलतोय असं कुणी म्हटलं नाही, पण मी खरं बोलतोय हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ट्रामरची बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटली तेव्हा मी तिच्याशी काय बोललो ते आता आठवत नाही. त्या वर्षअखेरीला मी कमिटीचं नाव परत घेतलं.

पुढे कायदा वाचत बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती माझ्या मते फारच महत्त्वाची आहे. १९५२ च्या खाण कायद्याने देशपातळीवर एक समिती ठेवली होती. तिचं काम नवे नियम करण्याआधी सल्ला देणं, सरकारने सोपवलेल्या अपघातांची चौकशी करणं आणि खाण निरीक्षकांच्या काही आदेशांविरुद्धची अपिलं ऐकणं. तिच्यात कामगारांचे दोन, मालकांचे दोन, उद्योगात थेट नोकरी नसलेले दोन खाण अभियंते आणि स्वतः मुख्य खाण निरीक्षक. पण अध्यक्ष कोण? कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं: सरकारी सेवेतला माणूस, पण मुख्य निरीक्षक किंवा निरीक्षक नव्हे. शिवाय मुख्य निरीक्षकाच्याच आदेशावर अपील आलं तर त्या कामकाजात त्याने भाग घ्यायचा नाही. ज्याच्या कामाची तपासणी व्हायची आहे त्याने अध्यक्षाच्या खुर्चीत बसू नये, हे कायदा करणाऱ्यांना दिल्लीच्या पातळीवर बरोबर सुचलं. खाणीच्या तोंडाशी मात्र तीच खुर्ची मॅनेजरला दिली. मॅनेजरशिवाय खाणीतलं पानही हलत नाही, म्हणून त्याला अध्यक्ष केलं तर कामं लवकर होतील, असा विचार त्यामागे असावा, आणि तो अगदीच चुकीचा नाही. आमचं शेड त्यामुळेच तर झालं.

आता दुसरी वाट. वर्कमन इन्स्पेक्टरला नेमतं व्यवस्थापनच, युनियनशी सल्लामसलत करून. पगारही खाणच देते. इतकं ऐकून पुष्कळजण म्हणतात, मग हा स्वतंत्र कसा? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: माणूस स्वतंत्र नसतो, पण वही स्वतंत्र असते.

इन्स्पेक्टरने शाफ्ट (उभी विहीर), इन्क्लाइन (उतरता बोगदा), रस्ते, कामाच्या जागा, यंत्रं बघायची आणि जे दिसलं ते पानांवर क्रमांक घातलेल्या वहीत स्वतःच्या हाताने, तारीख टाकून, सही करून लिहायचं. तातडीचा धोका दिसला तर मॅनेजरला लगेच कळवायचं आणि उपायही सुचवायचा. मग व्यवस्थापनाने त्याच वहीत लिहायचं की यावर काय केलं आणि कोणत्या तारखेला. मधे मसुदा नाही, सेक्रेटरी नाही. डीजीएमएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे, अधिकारी तपासणीला आले की इन्स्पेक्टर त्यांच्याबरोबर खाली जातो आणि वही टेबलावर उघडी असते.

ही रीत आपली नाही, फार जुनी आहे. ब्रिटनमधल्या १८७२ च्या कोळसा खाण कायद्याने कामगारांना आपल्यातली एक-दोन माणसं नेमून, स्वतःच्या खर्चाने, खाण तपासायची मुभा दिली. तपासणारा जे पाहील ते त्याने खाणीतल्या वहीत सहीनिशी लिहायचं, हे तेव्हापासूनचं. तिथल्या खाणकामगारांनाही तोंडी सांगणं आणि लिहून देणं यातला फरक असाच कुठेतरी ठेच लागून कळला असेल.

इन्स्पेक्टर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला पुन्हा एक भरलेला मॅनहोल सापडला, दुसऱ्या डिपमध्ये, म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या रस्त्यात. मी लेव्हलचा नंबर, बाजू आणि आत पडलेल्या लाकडांची संख्या लिहिली. चौथ्या दिवशी तो रिकामा झाला आणि वहीत मॅनेजरच्या सहीने तसं लिहूनही आलं. मॅनेजर तोच होता. माणूस बदलला नव्हता, कागद बदलला होता.

पण ही वाट सोपी आहे असं मी कुणाला सांगणार नाही. कमिटीत पाच जण असतात, इथे तुम्ही एकटे. वहीत "सपोर्ट (छताला दिलेला आधार) नियमाप्रमाणे नाही" असं लिहिलं की चार्जशीट बहुतेक वेळा वर जात नाही, खाली सरदाराकडे, म्हणजे त्या भागातल्या कामगारांच्या मुकादमाकडे, येतं. ज्याच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्ला तो सरदार दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो. नंतर मी लिहायची पद्धत बदलली: सपोर्ट कमी आहे, हे लिहायचंच, पण त्या पाळीला लाकूड किती आलं होतं, माणसं किती होती, हेही शेजारीच लिहायचं. मग दोष एकट्या सरदाराच्या गळ्यात पडत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही ही वाट घेतलीत तर पहिल्या दिवसापासून असंच लिहा. शिवाय युनियनचं बहुमत बदललं की तुमचं नाव जाऊ शकतं, हेही धरून चाला.

कमिटीची बाजू घेणारा माझा एक मित्र आहे, भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीज खाणीत फोरमन होता. तो म्हणतो, तुझी वही छताला आणि दोराला ठीक आहे, धुळीला नाही. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. छत एका नजरेत दिसतं, फुप्फुसं दिसत नाहीत. सिलिकोसिस, न्यूमोकोनिओसिस, मँगनीजची विषबाधा हे खाणींचे अधिसूचित आजार आहेत, म्हणजे डॉक्टरांनी कळवायलाच हवेत असे, पण ते वर्षानुवर्षं साठत येतात. पाच वर्षांनी होणारी तपासणी नीट होते का, एक्स-रे कोण वाचतो, ड्रिलिंगला पाणी वापरतात का, हे एकट्या माणसाने वहीत लिहून सुटत नाही. त्यासाठी डॉक्टर, व्हेंटिलेशनचा अधिकारी आणि मॅनेजर एका टेबलाशी लागतात. त्याच्या कमिटीने ते करून घेतलं. दुसरं असं की नवा डिस्ट्रिक्ट, म्हणजे खाणीतला कामाचा नवा भाग, उघडण्याआधी, नवं यंत्र आणण्याआधी सुरक्षेची तयारी कमिटीपुढे यावी लागते. इन्स्पेक्टर बहुधा काम सुरू झाल्यावर पोहोचतो. तुमच्या खाणीत मॅनेजर ऐकणारा असेल आणि मुख्य दुखणं धुळीचं असेल, तर कमिटी निवडणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

तरीही माझा कौल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला आणखी एक कारण आहे, जे पुष्कळांना ठाऊक नसतं. जिथे वर्कमन इन्स्पेक्टर आहेत तिथे ते कमिटीचे सदस्य असतातच. आणि कमिटीचं पहिलं काम काय, तर इन्स्पेक्टरच्या अहवालात दाखवलेल्या धोक्यांवर चर्चा करणं. म्हणजे वही घेतली की टेबलाशी खुर्चीही मिळते. नुसती खुर्ची घेतली तर वही मिळत नाही. मित्राची धूळ मी पुढे कमिटीतच मांडली, पण आधी वहीत लिहून. मग मिनिट्समध्ये "चर्चा झाली" आलं तरी शेजारी माझं पान होतं.

आता कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या २०२० च्या संहितेने खाण कायद्यासह तेरा कायदे एकत्र केले आहेत, त्यामुळे मी जी कलमं पाठ केली होती त्यांचे क्रमांक बदलले. नाव देण्याआधी सध्याचे नियम एकदा युनियनच्या ऑफिसात बसून वाचून घ्या. वाचताना आधी हे शोधा: तुम्ही सांगितलेलं कोण लिहिणार, आणि त्याखाली सही कुणाची.

त्या पोराला मी वर्कमन इन्स्पेक्टर घे म्हणालो. तो म्हणाला, घरी विचारतो, बायकोला पाळी बदललेली चालेल का बघतो. ते बरोबरच आहे. निघताना चप्पल घालता घालता त्याने विचारलं, पहिल्या दिवशी काय करू? मी म्हटलं, खाली उतरायच्या आधी वही माग, पानांचे क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोज, आणि किती पानं आहेत ते पहिल्या पानावर लिहून सही कर.