देवबागची बोट आणि ‘सगळं इन्क्लुडिंग’

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोन कुटुंबं, सासूसासरे धरून अकरा जण, कोल्हापूरहून तारकर्लीला गेलो होतो. कोकणात आम्हाला माणसं नेहमी चांगलीच भेटलीत. याही वेळी भेटली, एक सोडून.

तो एक तारकर्लीच्या रस्त्यावर टेबल टाकून बसला होता. मागे फ्लेक्सवर उड्या मारणारे डॉल्फिन. माणशी ९०० रुपये. त्यात आमची स्वतंत्र बोट, डॉल्फिन, निवती रॉक, भोगवे, त्सुनामी आयलंड आणि दोघा मोठ्या पोरांचं स्नॉर्कलिंग, व्हिडिओसकट. “सगळं इन्क्लुडिंग, ताई,” हे त्यानं पाच मिनिटांत दहादा तरी म्हटलं असेल. ५,००० ॲडव्हान्स स्कॅन केला, तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. “भावाचं खातं आहे, दादा.” पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डामागे खरडलं, ‘११ माणसं, ५००० जमा’. बोटीचं नाव नाही, नंबर नाही, दुसऱ्या दिवशी काय काय दाखवणार ते नाही. मला तिथंच खटकलं होतं. पण पोरं भुकेनं कावलेली, आणि नवऱ्याला एकदाचं रूमवर पोचायचं होतं.

वेळ दिली सकाळी ११ ची. डॉल्फिन लवकर दिसतात ना, असं मी विचारलंही. “आमच्याकडे दिवसभर असतात!” जणू त्यानं पाळलेत.

देवबागला पोचलो तर ‘आमच्या’ बोटीत आधीच नऊ जण. पुण्याचं एक कुटुंब आणि दोन जोडपी. त्यांनाही स्वतंत्र बोटच सांगितलेली. टेबलवाला कुठंच नाही. त्याच्या पोऱ्यानं मात्र बोटीत पाय ठेवण्याआधी उरलेले ४,९०० रोख मोजून घेतले आणि स्कूटरला किक मारली. लाइफ जॅकेटं होती पंधरा, त्यातल्या दोनांच्या क्लिपा तुटलेल्या, लहान मापाचं एकही नाही. सासरे एरवी गप्प असतात, पण ते अडूनच बसले. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघं गेले होते. त्या बोटीत वीस पर्यटक होते हे त्यांना पाठ होतं, आणि आम्हीही मोजून वीस. शेवटी तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, शेजारच्या दोन बोटींतून जॅकेटं मागून आणली. लहानग्यांना मापाची मिळाली तेव्हाच आम्ही चढलो.

तांडेलाबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. कर्ली नदीच्या तोंडाशी आलो तेव्हा समोर लाटा फुटत होत्या. त्यानं इंजिन हळू केलं. “ताईनू, वारो सुटलो. आता भायर जावक जमाचा नाय. सकाळी साताक येवक होया होता.” म्हणजे डॉल्फिन गेले, निवती गेलं, भोगवेही गेलं. मग त्यानंच विचारलं, किती दिले? आम्ही ९,९००, त्या नऊ जणांनी माणशी ८०० प्रमाणे ७,२००. एकूण १७,१००. तो कसनुसा हसला. “माका ह्या फेरयेचे साडेतीन हजार गावतत.” त्यातच त्याचं डिझेल.

राहिलं त्सुनामी आयलंड. ते बेट म्हणजे खाडीतला वाळूचा पट्टा, ओहोटीलाच नीट उघडा पडतो. आम्ही गेलो ऐन भरतीला. कमरेभर पाण्यात सासूबाई नऊवारीचा काष्टा सावरत उभ्या, आणि बनाना राइडवाला सांगतोय, ते पैसे वेगळे.

स्नॉर्कलिंगचं विचारायला फोन केला, तर “ते उद्या मालवणला, दादा.” खरंच, ते चालतं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला, देवबागच्या फेरीत ते बसतच नाही. हे आम्हाला तांडेलाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी मालवणला गेलो तर तिथल्या पोरांनी व्हिडिओचे माणशी ५०० वेगळे घेतले. (त्याच जेट्टीवर किल्ल्याच्या होडीचं तिकीट ठरलेल्या दरानं, हातात कागद देऊन मिळत होतं. ते आम्हाला दिसलं सगळं झाल्यावर.) रात्री व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आले. एकात भाचा होता. दुसऱ्यात पुतण्या म्हणून जो पोहत होता त्याच्या दंडावर त्रिशूळ गोंदलेला. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. “आमच्या पोराला एवढं पोट कधी सुटलं गं?”

टेबलवाल्याला पुन्हा फोन. “ताई, आम्ही फक्त बुकिंग करतो. समुद्राचं आमच्या हातात आहे का?” मग नंबर ब्लॉक. पोलिसात जाऊ म्हटलं, पण हातात काय होतं? एक कार्ड, आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला केलेलं पेमेंट. पोरांची शाळा उघडत होती, आम्ही घाट चढलो.

एप्रिलमध्ये पुण्याच्या त्या कुटुंबातल्या वहिनींनी मला एक मेसेज पुढे पाठवला. नवा नंबर, तोच फ्लेक्स. ‘मे महिना स्पेशल, माणशी ९९९, सगळं इन्क्लुडिंग.’ खाली नमुन्याचा व्हिडिओ. हिरवट पाण्यात माशांच्या घोळक्यात एक पोरगा अंगठा वर करून दाखवतोय, निळ्या पट्ट्यांचा टी-शर्ट, मनगटावर पिवळं घड्याळ. आमचा पुतण्या.