वय ३१, करार ८ वर्षांचा: बेसबॉल सिम्युलेशन गेममधले माझे नऊ महिने

नऊ महिने हा गेम जवळजवळ रोज खेळतोय. एकच सेव्ह (जपून ठेवलेला एकच डाव), १७ हंगाम, २ विजेतेपदं. इथे बॅट आपल्या हातात नसते, आपण जनरल मॅनेजर असतो. खेळाडू घ्यायचे, करार ठरवायचे, दुसऱ्या संघांशी खेळाडूंची अदलाबदल म्हणजे ट्रेड करायचे आणि हंगाम पुढे सरकवून काय होतं ते बघायचं. दिसणं, आवाज, मेनू हे सगळं ठीक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते तिशी ओलांडलेल्या खेळाडूंच्या लांब करारांबद्दल, कारण माझे मधले पाच-सहा हंगाम त्यातच गेले.

तिसऱ्या हंगामाआधी मी ३१ वर्षांचा एक थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) घेतला. ८ वर्षं, वर्षाला २४ मिलियन डॉलर, म्हणजे एकूण १९२ मिलियन. पहिली तीन वर्षं त्याने पैसा वसूल करून दिला. कराराच्या दुसऱ्या वर्षीचं विजेतेपद त्याच्याशिवाय मिळालंच नसतं. मग एका हिवाळ्यात त्याचं फील्डिंगचं रेटिंग ६५ वरून ४५ वर आलं (स्काउट वापरतात तेच २० ते ८० चं माप). घसरण दरवर्षी थोडी थोडी होईल असं मी धरलं होतं. इथे ती पायरी तुटावी तशी झाली. त्याला फर्स्ट बेसवर, फील्डिंगला सोप्या जागी, हलवलं. पुढच्या वर्षी होम रन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) २२ आले, पण बॅटिंगची सरासरी .२२१, म्हणजे हजार प्रयत्नांत फक्त २२१ हिट.

खरं नुकसान पैशाचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. फर्स्ट बेससाठी माझ्याकडे २३ वर्षांचा एक मुलगा तयार होत होता. २४ मिलियनचा माणूस बाकावर बसवायला मन होईना, म्हणून त्या मुलाला ट्रेड केलं. दोन वर्षांनी त्याने दुसऱ्या संघाकडून ३८ होम रन मारले. हा खर्च पगाराच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. २६ जणांच्या रोस्टरमधली (संघयादीतली) एक जागा आणि एका तरुणाची उमेदीची वर्षं, असा तो हिशोब आहे.

कराराच्या सहाव्या वर्षी त्या थर्ड बेसमनलाच ट्रेड करायला गेलो, तर त्याने नकार दिला. अमेरिकेतल्या मेजर लीगचा नियमच तसा आहे: एकूण १० वर्षांची सेवा आणि त्यातली शेवटची ५ एकाच संघात झाली असतील, तर खेळाडू ट्रेड नाकारू शकतो. गेममध्ये तो नियम आहे हे मी विसरलो होतो. हंगाम संपल्यावर त्याला रिलीज केलं आणि उरलेल्या दोन वर्षांचे ४८ मिलियन भरले. बेसबॉलमध्ये कराराची रक्कम सहसा पूर्ण हमीची असते, खेळाडू काढला तरी द्यावी लागते.

खऱ्या लीगमध्ये हे का होतं, तेही गेम खेळताना नीट समजलं. फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, व्हायला मेजर लीगमधली ६ वर्षांची सेवा लागते. पोरगा २३-२५ व्या वर्षी वर आला, तर बाजारात येईपर्यंत २९-३१ चा होतो. बहुतेकांचा बहर साधारण २६ ते २९ मधला, म्हणजे आपण पैसे मोजतो तेव्हा तो सरत आलेला असतो. शिवाय तिथल्या लक्झरी टॅक्ससाठी (पगाराची ठरलेली मर्यादा ओलांडणाऱ्या संघावरचा कर) कराराची वार्षिक सरासरी धरतात, त्यामुळे वर्षं वाढवली की आकडा हलका दिसतो. झँडर बोगार्ट्स ३० वर्षांचा असताना पाद्रेस संघाने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला ११ वर्षांचे २८० मिलियन दिले, ते असे. माझ्या सेव्हमध्ये टॅक्स बंद आहे, मालकाचं बजेट तेवढं पाळायचं असतं. तरी मीही तोच मोह केला. वार्षिक आकडा बजेटमध्ये बसावा म्हणून वर्षं वाढवत गेलो.

अल्बर्ट पुजोल्सचं उदाहरण मी आता प्रत्येक वाटाघाटीआधी आठवतो. कार्डिनल्स संघाकडे ११ हंगामांत ४४५ होम रन, सरासरी .३२८. डिसेंबर २०११ मध्ये, ३१ व्या वर्षी, एंजल्सनी १० वर्षांचे २४० मिलियन दिले. तिथली त्याची सरासरी .२५६ राहिली आणि करार पुरा व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, त्याला मोकळं केलं. याउलट नेल्सन क्रूझ. ३४ व्या वर्षी मरिनर्सनी त्याच्याशी फक्त ४ वर्षांचा करार केला आणि त्याने ४४, ४३, ३९, ३७ होम रन दिले. वय जास्त असूनही हा करार फळला. म्हणून माझं म्हणणं असं की वयाला घाबरू नका, वर्षांना घाबरा.

माझी खात्री पटावी म्हणून सेव्हची प्रत काढून तोच करार १० वेळा पुढे चालवला. दोनदा तो ३६ पर्यंत छान टिकला, बाकी वेळा ३४ च्या आसपास घसरला किंवा दुखापतीने गेला. ज्यांचा खेळ वेगावर उभा आहे ते आधी ढासळतात. सेकंड बेसमन आणि कॅचर (क्रिकेटच्या विकेटकीपरसारखा) यांना तिशीनंतर मी ३ वर्षांच्या वर जात नाही. चेंडू पारखून वॉक (चार वाईट चेंडू सोडले की फुकट मिळणारा बेस) घेणारे मात्र टिकतात. पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, सांगणं कठीण. माझा ३३ वर्षांचा एक पिचर करारानंतर पाचव्या महिन्यात टॉमी जॉन (कोपराच्या) शस्त्रक्रियेला गेला.

आता मी काय करतो? वर्षं कमी, पगार जास्त. ८ गुणिले २४ ऐवजी ३ गुणिले ३२, म्हणजे ९६ मिलियनमध्ये विषय संपतो. शेवटच्या वर्षी टीम ऑप्शन ठेवतो (ते वर्ष घ्यायचं की नाही हे संघ ठरवतो), नको असल्यास द्यायची ठरलेली रक्कम, म्हणजे बायआउट, दिला तरी परवडतं. पगार सुरुवातीच्या वर्षांत जड लावतो. आणि ऑप्ट-आउट (करार मध्येच सोडायचा हक्क) तिशीवरच्या माणसाला कधीच देत नाही. तो चांगला खेळला तर निघून जातो, वाईट खेळला तर आपल्याकडेच राहतो. अशाने काही मोठी नावं हातची जातात आणि दोन हंगाम मला ते बोचलंही.

गेमबद्दल एक तक्रार. अर्धा पगार आपण भरायची तयारी दाखवली, की कॉम्प्युटरचे संघ म्हातारे खेळाडू फार सहज घेतात. त्याने चूक निस्तरणं सोपं होतं आणि मजा जाते. मी स्वतःवर नियम घालून ती वाट बंद केली आहे. नव्याने खेळणाऱ्यांनीही घालावा. वय वाढण्याचा वेग सेटिंगमधून कमी करता येतो, पण तो आहे तसाच ठेवा.

त्या थर्ड बेसमनची जर्सी मी क्लबकडून निवृत्त करून घेतली (तो नंबर आता कुणालाच मिळणार नाही), विजेतेपदासाठी. तोच खेळाडू, त्याच वयाचा, पुन्हा बाजारात आला तर ऑफर नक्की देईन. ४ वर्षं, वर्षाला ३० मिलियन.