पाप, तौबा आणि शिक्षा : फजलुर रहमान यांचे ‘मेजर थीम्स ऑफ द कुरआन’

कुरआनवरील बहुतेक भाष्ये एकामागून एक आयत (वचन) घेत पुढे जातात. पाकिस्तानी इस्लामी विचारवंत फजलुर रहमान यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या या इंग्रजी पुस्तकात मात्र ईश्वर, व्यक्ती, समाज, परलोक, सैतान अशा विषयांनुसार वचने एकत्र वाचली आहेत. या पद्धतीचे खरे मोल पाप, तौबा (म्हणजे पश्चात्ताप) आणि शिक्षा यांचा परस्परसंबंध उलगडताना कळते.

लेखकाच्या मते प्रत्येक पाप हा मुळात माणसाने स्वतःवरच केलेला जुलूम असतो. आदमच्या हातून चूक झाली, पण त्याची तौबा अल्लाहने स्वीकारली (२:३७), त्यामुळे त्या चुकीचा डाग पुढील पिढ्यांवर राहत नाही. कोणी कोणाच्या पापाचे ओझे वाहत नाही, आणि सैतानालाही बळजबरीचा अधिकार नाही. चौदाव्या सूरेत, म्हणजे कुरआनच्या चौदाव्या अध्यायात, तो निवाड्यानंतर स्पष्ट सांगतो की, मी तुम्हांला केवळ बोलावले होते, तेव्हा दोष मला न देता स्वतःला द्या (१४:२२). माणसाची ही संपूर्ण जबाबदारी एकदा मान्य केली की नरकाचे वर्णनही वेगळे वाचावे लागते. १०४व्या सूरेतील आग हृदयांपर्यंत पोहोचणारी आहे, म्हणजे जे आयुष्यभर टाळले ते सत्य उघड्या डोळ्यांनी पाहण्याची ती यातना आहे. तरीही रहमान शिक्षेला केवळ रूपक मानत नाहीत आणि शारीरिक वेदना वगळत नाहीत. आधुनिक भाष्यकाराकडून सौम्यतेची अपेक्षा ठेवणाऱ्या वाचकाला ही कठोरता जाणवेल. मला ती या पुस्तकाची सर्वांत प्रामाणिक बाजू वाटते. मृत्यू समोर दिसल्यावर केलेली तौबा स्वीकारली जात नाही, हे कुरआनचे वचन (४:१८) अशा मांडणीत सहज समजते.

शफाअतीचा, म्हणजे प्रेषितांच्या मध्यस्थीचा, प्रश्न मात्र त्यांनी फार घाईने निकालात काढला आहे. कुरआनचा एकंदर कल मध्यस्थीविरुद्ध आहे हे त्यांचे मत मांडण्याजोगे आहेच; परंतु ईश्वराच्या अनुमतीने होणाऱ्या मध्यस्थीला वाव देणारी वचने (२:२५५) आणि त्यांवर शतकानुशतके विसंबलेली श्रद्धाळूंची आशा यांना अधिक जागा हवी होती.

ऐहिक शिक्षेबद्दलही हवे तेवढे विवेचन मिळत नाही. चोरीची शिक्षा सांगणाऱ्या आयतीला (५:३८) लागूनच तौबा करून सुधारणाऱ्याला क्षमेचे आश्वासन आहे, आणि अशा तौबेने शिक्षा टळते का, यावर फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, पंडितांत मतभेद आहेत. पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, पाकिस्तानात हुदूद अध्यादेश, म्हणजे चोरीसारख्या गुन्ह्यांना इस्लामी कायद्यातील ठरावीक शिक्षा देणारे कायदे, लागू झाले होते. विरोधामुळे १९६८ मध्ये तेथील इस्लामी संशोधन संस्थेचे संचालकपद सोडावे लागलेल्या या विद्वानाकडून याविषयी सविस्तर वाचायला मिळणे मोलाचे ठरले असते.

भाषा दाट आहे आणि कित्येक ठिकाणी आयतींचे केवळ क्रमांक दिलेले आहेत, म्हणून कुरआनचा मराठी अनुवाद शेजारी ठेवूनच हे पुस्तक वाचावे. सुरुवात परलोकावरील प्रकरणापासून केली तरी चालेल.