पडघ्याजवळचा शेळी-बोकड विक्रीचा गोठा: पाळणाऱ्यासाठी चांगला, व्यापाऱ्यासाठी बेताचा

भिवंडी तालुक्यात पडघ्याच्या पुढे, नाशिक महामार्गापासून थोड्या आत असलेल्या या गोठ्यावर शेळ्या पाळल्याही जातात आणि बाहेरून आणून विकल्याही जातात. दोन्ही धंदे एकाच छपराखाली चालत असल्यामुळे, शेळीपालन करावे की बोकडांची नुसती खरेदी-विक्री, अशा विचारात असलेल्या ठाणे-कल्याणकडच्या माणसाने येथे एक चक्कर अवश्य मारावी.

व्यवहार वजनकाट्यावर होतो, ही मोठी जमेची बाजू. आठवडी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून नगावर सौदा ठरतो आणि नवख्याला भावाचा पत्ताच लागत नाही; येथे आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर असतो. मात्र वजन सकाळी, चारापाणी होण्यापूर्वीच करून घ्यावे, कारण भरल्या पोटाचे पैसेही आपल्याकडूनच वसूल होतात.

घरच्या उस्मानाबादी शेळ्या लाकडी फळ्यांच्या उंच मचाणावर ठेवलेल्या आहेत. फळ्यांमधील फटींतून लेंड्या खाली पडतात, त्यामुळे येथील धो धो पावसातही खूर कोरडे राहतात. प्रत्येकीच्या कानात बिल्ला आहे आणि वहीत विण्याची तारीख, करडे जुळी की एकटे, पीपीआर (शेळ्यांचा विषाणूजन्य साथरोग) आणि आंत्रविषार (आतड्यातील विषबाधेचा रोग) यांची लस कधी टोचली, हे सारे लिहिलेले आहे. पाळण्यासाठी घ्यायचे तर येथूनच घ्यावे. भाव चढा वाटला तरी तो वाजवी आहे.

मागच्या बाजूला राजस्थानातून आणलेले सिरोही जातीचे बोकड आहेत. दिसायला देखणे, पण त्यांची कसलीही नोंद मिळाली नाही, आणि त्यातल्या दोघांची नाके वाहत होती. ‘प्रवासाचा शीण आहे’ हे उत्तर मला पटले नाही. लांबच्या प्रवासात वजन तुटते हे खरे, परंतु आजारी जनावर निरोग्यांपासून वेगळे बांधण्याची तसदी तरी घ्यायला हवी होती.

तरीही गर्दी याच बाजूला होती, आणि त्यामागचा हिशेब उघड आहे. कुर्बानीचा बोकड वर्षाचा भरावा लागतो आणि शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे पाळणाऱ्याला बकरी ईदच्या सतरा महिने आधी शेळी बोकडाला लावावी लागते. त्यात ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. व्यापारी दोन महिने आधी माल उचलतो, मका-भरडा चारून मोकळा होतो. पैसा लवकर फिरतो, पण ऐन वेळी भाव पडला किंवा चार बोकड दगावले की भांडवलच जाते. पाळणाऱ्याच्या शेळ्या पुढच्या वेतासाठी दावणीला उरतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाचे 50 टक्के अनुदानही 100 शेळ्या आणि 5 बोकडांपासून पुढच्या पैदास प्रकल्पांना आहे, फेरविक्रीला नाही. अर्थात, चाऱ्याची सोय नसलेल्याने अनुदानाच्या नादी लागू नये; भाताच्या नुसत्या पेंढ्यावर शेळी पोसत नाही, दशरथ घास, शेवरी किंवा सुबाभूळ असा हिरवा चारा हाताशी हवा. मालकाने स्वतःचा दशरथ घासाचा तुकडा दाखवला आणि बियाणेही देऊ केले, हे नोंदवण्यासारखे आहे.

घरच्या मालाला पाचपैकी साडेचार, आणलेल्या मालाला दोन. पावती मागितल्यावरच मिळते. तिच्यावर बिल्ल्याचा क्रमांक लिहून घ्यावा, विमा उतरवताना तो लागतो.