जुनी बेसबॉल कार्डं जमवायचीत? टी२०६ की पन्नासच्या दशकातलं टॉप्स, माझं मत

इथे अमेरिकेत आपल्या बऱ्याच लोकांची मुलं लिटल लीग खेळतात आणि पोरापायी बापालाच नाद लागतो असं मी पाहिलंय, आधी नवीन पाकिटं फोडायची, मग कुणीतरी कार्डांच्या शोमध्ये शंभर वर्षं जुनं कार्ड हातात देतं आणि मग प्रश्न पडतो की आपणही जुनं काहीतरी घ्यावं का आणि घ्यायचं तर नेमकं काय. फिरून फिरून दोनच पर्याय समोर येतात. एक टी२०६, म्हणजे १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून आलेली चिटुकली कार्डं. दुसरं टॉप्स या गमच्या कंपनीचं, १९५२ पासूनचं, जे पोरं गमसोबत पाच सेंटाला घ्यायची. मधे १९३३ चं गाउडी कंपनीचं आहे, बेब रूथची चार कार्डं असलेला २४० कार्डांचा सेट, पण रूथच्या कार्डांच्या किमतीमुळे त्याच्यापासून नवख्या माणसाने जरा लांबच राहिलेलं बरं, म्हणून ते बाजूला ठेवतो.

गुंतवणूक म्हणून विचारत असाल तर मला विचारू नका, त्यातलं सांगणारे पैशाला पासरी आहेत. मी ठेवायला, बघायला, सेट लावायला घेणाऱ्या माणसासाठी लिहितोय.

आधी हातात घेतल्यावर काय वाटतं ते. टी२०६ दीड इंचाहूनही किंचित कमी रुंद, उंची अडीच इंचाच्या जरा वर, फोटो नाही तर लिथोग्राफ, म्हणजे छापलेलं रंगीत चित्र, मागे केशरी-गुलाबी आकाश, पुढे कॉलरवाला शर्ट घातलेला खेळाडू, पांढरी किनार आणि खाली तपकिरी अक्षरांत नाव आणि टीम. पाठीमागे खेळाडूची काहीच माहिती नाही, नुसती सिगारेटची जाहिरात! पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या ब्रँडच्या दोन पाठी ढिगाने मिळतात, पण तेच चित्र आणि मागे ड्रम किंवा उझिट असेल तर भाव कितीतरी पटींनी वाढतो, त्यामुळे टी२०६ वाले लोक कार्ड हातात घेतलं की आधी उलटं करतात. टॉप्सचं सगळं वेगळं. १९५२ चं कार्ड जवळपास पावणेचार इंच उंच, रंगीत, सहीची नक्कल आणि टीमचा लोगो पुढे, आणि मागे मागच्या वर्षीचे आकडे, उंची, वजन, जन्मगाव. साय बर्गर नावाच्या टॉप्सच्या माणसाने ब्रुकलिनच्या आपल्या घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ते मांडलं, आणि आजही कार्ड म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं ते तिथूनच आलंय. आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांना बिग फनच्या बबलगमसोबत येणारे क्रिकेटवाल्यांचे फोटो आठवत असतील, टॉप्स हा त्याच जातीचा माल, फक्त यांनी तो दरवर्षी न चुकता काढला.

आता खेळाडू, आणि माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. टी२०६ मध्ये टाय कॉबची चार वेगवेगळी कार्डं आहेत, साय यंग, क्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन आहेत, शिवाय दक्षिणेतल्या छोट्या लीगमधले कोण कुठले खेळाडू आहेत ज्यांची नावं आज त्यांच्या गावालाही माहीत नसतील. या लोकांना खेळताना पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही आणि चलचित्रं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे हे सगळं वाचून प्रेम करायचं प्रकरण आहे. ज्याला इतिहास वाचायला आवडतो त्याला मजा येते, बाकीच्यांना काही महिन्यांत कंटाळा येतो हे स्पष्टच सांगतो. आणि अजून एक गोष्ट, टी२०६ मध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही, कारण त्या काळी मोठ्या लीगची दारं त्यांना बंद होती आणि ती १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा उघडली. टॉप्सचे पन्नासच्या दशकातले सेट म्हणजे बरोब्बर त्या उघडलेल्या दारातून आत आलेली पिढी. १९५२ मध्ये रॉबिन्सन आणि विली मेज, १९५३ मध्ये सॅचेल पेज (त्याच्या नावात टॉप्सने एक ‘एल’ जास्तीचा घातलाय, ती चूक तशीच छापली गेली), १९५४ मध्ये हँक ॲरन आणि अर्नी बँक्सची पहिली कार्डं, १९५५ मध्ये रॉबर्टो क्लेमेंटी आणि सँडी कोफॅक्सची. एक सेट लावता लावता अमेरिकेचा तेवढा काळ तुमच्या टेबलावर येतो. मला विचाराल तर एवढ्या एका कारणासाठी टॉप्सचं पारडं जड आहे.

सेट पूर्ण होणं हा ज्याचा त्याचा स्वभाव. टी२०६ ला कलेक्टर लोक प्रेमाने ‘मॉन्स्टर’ म्हणतात, कारण ५२४ कार्डं आणि त्यातली चार तर साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरची: होनस वॅग्नर, एडी प्लँक, नावाचं स्पेलिंग चुकलेला मॅगी, आणि टीमची लीग चुकीची छापलेला जो डॉइल. वॅग्नरच्या साठेक प्रती माहीत आहेत आणि त्यातली एक, तीही काही फार चांगल्या अवस्थेतली नाही, २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेली. म्हणून लोक ५२० वर थांबतात आणि त्यालाच पूर्ण म्हणतात, पण ५२० सुद्धा वर्षानुवर्षांचं काम आहे आणि बरेच जण मधेच सोडून फक्त एका टीमची किंवा फक्त पोर्ट्रेट घ्यायला लागतात, जे खरं तर शहाणपणाचं आहे.

टॉप्समध्येही सगळं सोपं नाही हं. १९५२ च्या सेटमध्ये ४०७ कार्डं, त्यातली ३११ पासून पुढची शेवटच्या खेपेला आली, तोवर सीझन संपत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे, माल पडून राहिला आणि १९६० मध्ये बर्गरने उरलेली खोकी बार्जवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये बुडवली, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. ३११ नंबरचं कार्ड मिकी मँटलचं, त्याची एक जवळपास निर्दोष प्रत २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला विकली गेली. गंमत म्हणजे ते त्याचं पहिलं कार्ड नाहीच, पहिलं १९५१ चं, बोमन या दुसऱ्या कंपनीचं, पण लोकांना टॉप्सचंच हवं. आज फाटकं-तुटकं १९५२ चं मँटल घ्यायचं तरी पाच आकडी रक्कम लागते आणि ३११ च्या पुढचा कुणी अनोळखी पिचर घ्यायचा तरी शंभर-दोनशे डॉलर मोडतात. म्हणून मी ५२ सुचवतच नाही.

मी सुचवतो १९५६. ३४० कार्डं, सगळी आडवी, एका बाजूला खेळाडूचा चेहरा आणि मागे खेळाचं दृश्य, पाठीवर तीन छोटी कार्टून. मँटलने त्याच वर्षी ट्रिपल क्राउन जिंकला, म्हणजे बॅटिंगच्या तिन्ही मुख्य आकड्यांत लीगमध्ये पहिला आला, रॉबिन्सनचं खेळत असतानाचं टॉप्सचं हे शेवटचं कार्ड, टेड विल्यम्स, क्लेमेंटी, कोफॅक्स, मेज सगळे आहेत, आणि ॲरनच्या कार्डावर मागच्या दृश्यात जो घसरत येतोय तो मुळात मेज आहे! साधी कार्डं बऱ्या अवस्थेत पाच-दहा डॉलरला मिळतात, बाजार वरखाली होतो पण साधारण एवढंच धरा. १९५७ पण छान, तिथून आजचा अडीच बाय साडेतीनचा आकार सुरू झाला आणि खऱ्या रंगीत फोटोंची सुरुवात पण, फक्त त्याच्या चौथ्या सिरीजमधली, म्हणजे २६५ ते ३५२, कार्डं कमी मिळतात आणि महाग पडतात. त्यात ॲरनचा फोटो उलटा छापलाय, डावखुरा दिसतो बिचारा.

खोट्या मालाचं काय? इथे दोघांत फार मोठा फरक आहे आणि नवीन माणूस नेमका इथे फसतो. टी२०६ ची रिप्रिंट दशकानुदशकं निघालीत, कुणीतरी त्यांच्या पाठीवरचा रिप्रिंट शब्द घासतो, चहाच्या पाण्यात बुडवतो, कोपरे गोल करतो आणि ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ म्हणून विकतो. भिंग घेऊन खालचं नाव बघा, अस्सल कार्डावर अक्षरं एकसलग शाईची असतात, नकलेत ठिपक्याठिपक्यांची. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, साधारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं यायला लागली, त्यामुळे १९१० चं म्हणवणारं कार्ड निळसर पांढरं चमकलं तर ते परत करा, चमकलं नाही म्हणून मात्र अस्सल ठरत नाही हेही लक्षात ठेवा. त्यातून कडा कापलेली कार्डं वेगळीच, कारण कापलं की कोपरे नवे दिसतात. वॅग्नरचं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड, जे एकेकाळी हॉकीपटू वेन ग्रेट्झकीकडे होतं आणि ज्याला पीएसए या कार्डांना १ ते १० ग्रेड देणाऱ्या कंपनीने ८ ग्रेड दिली होती, त्याच्या कडा आपणच कापल्या हे बिल मास्ट्रो नावाच्या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. मोजपट्टी लावूनही खात्री होत नाही, कारण कारखान्यातच मापं कमीजास्त व्हायची, अमेरिकन ब्युटी पाठीची कार्डं तर मुळातच जरा अरुंद.

५६ च्या साध्या पाच डॉलरच्या कार्डाची नक्कल करायला कोण बसणार? तिथे भीती फक्त स्टारची. ५२ ची रिप्रिंट टॉप्सने स्वतः १९८३ मध्ये काढली, पण ती छोट्या आकाराची, शेजारी खरं कार्ड ठेवलं की लगेच कळतं.

त्यामुळे स्लॅब, म्हणजे ग्रेड करून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं कार्ड, घ्यायचं की सुटं हा प्रश्न मला वेगळा वाटतच नाही, तो याच निवडीत सुटतो. टी२०६ घेताय तर पहिली काही तरी पीएसए किंवा एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंगवाल्या कंपनीच्या स्लॅबमधलीच घ्या, एसजीसीच्या काळ्या चौकटीत ती दिसतातही झकास. साधा खेळाडू, १ किंवा २ ग्रेड, पन्नास ते शंभर डॉलरमध्ये मिळतो. कॉब मात्र कितीही मरतुकडा असला तरी हजाराच्या वरच. टॉप्सची साधी कार्डं सुटी घ्या, ग्रेडिंगची फीच कार्डापेक्षा जास्त होते आणि स्लॅबची चळत कपाटात ठेवायची कुठे, अल्बममध्ये पानं उलटण्याची मजा जाते ती वेगळीच. मँटल, रॉबिन्सन, क्लेमेंटी, कोफॅक्स एवढी स्लॅबमधली घ्या.

आणि ग्रेडच्या आकड्यामागे धावू नका बरं का, दोघांनाही हे लागू आहे. जुन्या काळी पोरं कार्डं वहीत चिकटवायची, काढताना मागचा कागद निघायचा, अशा कार्डाला पुढून कितीही देखणं असलं तरी १ ग्रेड मिळते आणि भाव धाडकन पडतो. तुम्हाला समोरून बघायचंय ना, मग तेच घ्या! टी२०६ मध्ये याचा फायदा फार, रंग ताजे, चेहरा स्वच्छ, मागे पीडमाँटचा अर्धा शब्द गायब, आणि किंमत जवळपास अर्धी. टॉप्समध्ये मी मागे पेनाने काही लिहिलेलं चालवून घेतो, चेहऱ्यावरून गेलेली घडी मात्र नाही.

ठेवायचं तर टी२०६ ला छोट्या मापाची पाकिटं मिळतात, नेहमीच्या पाकिटात ती इकडेतिकडे घसरून कोपरे मारून घेतात. ५२ ते ५६ ची टॉप्स नेहमीच्या नऊ कप्प्यांच्या पानात बसत नाहीत, आठ कप्प्यांची पानं मागवा, पीव्हीसी नसलेली, आणि अल्बम तळघरात ठेवू नका, तिथली ओल कार्डं वाकवते.

विकायची वेळ आली तर टी२०६ स्लॅबमध्ये असेल तर पटकन जातं, सुट्या टॉप्सच्या सेटला गिऱ्हाईक शोधावं लागतं आणि डीलर सांगतो तो भाव ऐकून वाईट वाटतं. टॅक्सचंही लक्षात असू द्या, वर्षापेक्षा जास्त काळ ठेवून फायद्यात विकलं तरी अमेरिकेत कलेक्टिबलवर शेअरसारखा कमी दर लागत नाही, कमाल २८ टक्के आहे.

हातात पाचशे डॉलर असतील तर मी असं करेन: दीडशेत शोमधल्या डीलरच्या खोक्यातून ५६ ची वीसेक साधी कार्डं, एकत्र घेतली की घासाघीस करता येते, शंभरात एक साधं टी२०६ स्लॅबमधलं, म्हणजे आपल्याला तो नाद लागतोय का ते कळेल, आणि उरलेल्यात ५६ चं एक बरं दिसणारं क्लेमेंटी किंवा कोफॅक्स. टी२०६ जास्त वेळा हातात घ्यावंसं वाटलं तर खुशाल तिकडे वळा, ५६ ची कार्डं कुठे पळून जात नाहीत. सेटच लावायचा ठरला तर ५६ ची नंबर नसलेली दोन चेकलिस्ट कार्डं ३४० च्या बाहेरची आहेत हे माहीत असू द्या, पोरांनी त्यांच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या आणि मग फेकून दिली, त्यामुळे कोरी चेकलिस्ट चांगल्या चांगल्या खेळाडूंपेक्षा महाग पडते, ती सगळ्यात शेवटी घ्या किंवा खुणा केलेली घ्या, मला तर खुणा केलेलीच आवडते.