अर्ज टेक्ससमध्ये, कायदा न्यू जर्सीचा: दिवाळखोरीचा अर्ज आता की थांबून?

न्यू जर्सीतून डॅलसजवळ येऊन चौदा महिने झालेल्या, कर्जाखाली दबलेल्या एखाद्या मराठी जोडप्यापुढे चॅप्टर सेव्हनचा (मालमत्ता विकून धनकोंना देणे आणि उरलेल्या कर्जातून मुक्त होणे, अशा अमेरिकी दिवाळखोरीचा) अर्ज आत्ताच करावा की थांबावे हा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर बहुतांशी अर्जाच्या तारखेवर ठरते. अर्ज टेक्ससमधील न्यायालयातच होईल; पण २००५ च्या दुरुस्तीनंतर, अर्जापूर्वीचे सलग ७३० दिवस ज्या राज्यात अधिवास होता त्या राज्याच्या सवलती, म्हणजे मालमत्तेचा किती भाग धनकोंपासून वाचतो याचे नियम, लागू होतात. तसे एकच राज्य नसेल, तर त्या ७३० दिवसांच्या आधीचे १८० दिवस कुठे गेले हे पाहिले जाते.

समजा, घराची किंमत ५,५०,००० डॉलर आणि गृहकर्ज ४,००,००० डॉलर आहे, म्हणजे घरातील स्वतःचा वाटा १,५०,००० डॉलर. आज अर्ज केल्यास न्यू जर्सीचा कायदा लागू होईल. ते राज्य स्वतःच्या सवलतींऐवजी केंद्रीय कायद्यातील सवलतींची यादी निवडू देत असल्याने एप्रिल २०२५ पासूनच्या दराने राहत्या घरासाठी प्रत्येकी ३१,५७५, म्हणजे दोघांचे मिळून ६३,१५० डॉलर वाचतील; उरलेल्या रकमेसाठी ट्रस्टी (धनकोंसाठी मालमत्ता विकायला नेमलेली व्यक्ती) घर विकू शकतो. आणखी दहा महिने थांबल्यास टेक्ससचा कायदा मिळतो. तो शहरात दहा एकरांपर्यंतच्या राहत्या घराला किमतीची मर्यादा घालत नाही. मात्र घर अर्जापूर्वीच्या १,२१५ दिवसांत घेतले असेल तर केंद्रीय कायदा २,१४,००० डॉलरची कमाल मर्यादा घालतो. वरच्या उदाहरणात वाटा तिच्या आत असल्यामुळे १,२१५ दिवस थांबण्यात काहीही हशील नाही.

थांबण्याची किंमतही मोजावी लागते. साध्या ग्राहक-कर्जासाठी टेक्ससमध्ये पगार जप्त होत नाही, पण निकाल मिळवलेला धनको बँकखात्यावर टाच आणू शकतो, आणि गृहकर्जाचे हप्ते थकले तर कोणतीच सवलत त्या बँकेला रोखत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की घरातील वाटा केंद्रीय सवलतीत बसत असेल तर थांबू नये. तो बराच जास्त असेल आणि हप्ते वेळेवर जात असतील, तरच थांबावे.

जुने राज्य कोणते, यावरही बरेच अवलंबून असते. जुन्या राज्याची सवलत नव्या राज्यातील घराला लागते का, हे त्या कायद्याच्या शब्दांवर ठरते: १९९९ च्या ॲरॉल प्रकरणात नवव्या सर्किटने (केंद्रीय अपील न्यायालयाने) कॅलिफोर्नियाची सवलत मिशिगनमधील घराला दिली. फ्लोरिडा आपल्या रहिवाशांना केंद्रीय यादी नाकारते. परंतु तिथून टेक्ससला गेलेला ऋणको आता रहिवासी नसल्याने त्याला ती यादी खुली आहे, असा निर्णय पाचव्या सर्किटने २०११ मध्ये दिला.

पुण्यातील फ्लॅटबाबत मात्र दोन्ही पर्याय जवळजवळ सारखेच. मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती दिवाळखोरीच्या मालमत्तेत येते आणि अर्जात दाखवावीच लागते. टेक्ससची घराची सवलत राहत्या घरापुरती आहे, आणि केंद्रीय यादीतील सर्वसाधारण सवलत घरावरची सवलत पूर्ण वापरल्यावर प्रत्येकी १,६७५ डॉलरच उरते. अर्जाआधी तो फ्लॅट भावाच्या नावावर केला, तर दोन वर्षांपर्यंतचे असे हस्तांतर ट्रस्टी रद्द करवू शकतो. आणि धनकोंना फसवण्याच्या हेतूने ते वर्षभराच्या आत केलेले असेल, तर कर्जमुक्तीच नाकारली जाऊ शकते.