सप्रेसर नंतर, आधी माउंट

माझा मावसभाऊ ऑस्टिनला असतो. त्याच्याकडे टिक्का कंपनीची ३०८ मापाची (०.३०८ इंची गोळीची) बोल्ट रायफल आहे. ऑफिसातल्या एका मित्राकडे १६ इंची नळीची एआर-१५ आहे, ५.५६ मिमी मापाची, बाराच्या वायूच्या जोरावर पुढची गोळी आपोआप भरणारी. दोघांनी एकाच आठवड्यात विचारलं, ‘सप्रेसर कुठला घेऊ?’ सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारा, बाराचा आवाज दाबणारा डबा. दोघांना मी एकच उलट प्रश्न केला: तो नळीला धरणार कशाने? दोघंही गप्प. माझं म्हणणं एवढंच आहे की माउंट, म्हणजे डबा नळीला धरून ठेवणारा जोड, आधी ठरवा, डबा मग. डब्याची जाहिरात असते, माउंटची नसते, आणि पस्तावायची पाळी बहुतेकदा माउंटमुळे येते.

आधी आवाजाचा गैरसमज काढून टाकू. सिनेमातलं ‘फुस्स’ विसरा. ३०८ चा उघडा बार नळीच्या तोंडाशी १६५ डेसिबलच्या आसपास जातो. चांगला सप्रेसर त्यातले २५ ते ३५ खातो. उरतो तो आवाज १४० च्या थोडा अलीकडे-पलीकडे, आणि अमेरिकेत कामाच्या जागी क्षणिक आवाजाची मर्यादा नेमकी १४० ची आहे. शिवाय आवाजाच्या वेगापुढे गेलेली गोळी हवेत चाबूक ओढल्यासारखी कडाडते, ते कुठलाच डबा थांबवत नाही. कानात बोळे घालायचेच. फायदा हा की रात्री डुकरांवर बार टाकल्यावर शेजारच्या रँचवरची कुत्री उठत नाहीत आणि खांदाही कमी दुखतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९३४ च्या कायद्याने लावलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरसाठी शून्य झाला. फॉर्म ४ (डबा नावावर करून घ्यायचा सरकारी अर्ज), फोटो आणि बोटांचे ठसे मात्र कायम आहेत. ४२ राज्यांत सामान्य माणसाला सप्रेसर ठेवता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय ही आपल्या लोकांची वस्तीची राज्यं त्यात नाहीत. एच-१बी वाल्यांना मुळात बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, त्यांच्या भरवशावर पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा. आणि भारतात न्यायचा विचार मनातही आणू नका, तिथे हे उपकरण प्रतिबंधित वर्गात मोडतं.

आता माउंट. प्रकार ढोबळ मानाने तीन.

पहिला, थेट आट्यांवर. नळीच्या तोंडाला आटे पाडलेले असतात, डबा त्यावर फिरवून बसवायचा. २२३ ला (५.५६ चंच माप, इंचांत) बहुधा १/२×२८ आणि ३०८ ला ५/८×२४. पहिला आकडा व्यास इंचांत, दुसरा एका इंचातले आटे. युरोपात विकलेल्या रायफलींवर एम१४×१ किंवा एम१५×१ असे मेट्रिक आटे दिसतात, तेव्हा जुनी रायफल घेतलेल्यांनी आधी मोजून घ्यावं. हा प्रकार सगळ्यात हलका, स्वस्त आणि सरळ. मधे काहीच नाही, म्हणून वाकडं बसण्याची शक्यताही कमी. दोष एकच, पण चांगलाच खोडीचा: तापल्यावर तो सैल होतो. माझ्या पहिल्या रायफलीवर बारा-पंधरा बार झाले की छिद्रं कागदावर इकडेतिकडे भटकायला लागायची. मी दुर्बिणीचे स्क्रू आवळत बसलो, दोन खोकी गोळ्या जाळल्या, आणि शेवटी हात लावून पाहिलं तर सप्रेसर पाव फेरा सुटलेला. तेव्हापासून दर पाच बारांनंतर जाड हातमोजा घालून एकदा पिळून बघायची सवय लागली.

दुसरा, निमुळता. नळीवर आधी एक ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) किंवा फ्लॅश हायडर (ज्वाळ लपवणारा तुकडा) कायमचा बसतो. त्याच्या अंगावर आटे असतात आणि शंकूसारखा उतार असतो. डबा आट्यांवर फिरत जाऊन त्या उतारावर घट्ट बसतो, बाटलीच्या तोंडात बूच बसतं तसा. उतारामुळे डबा आपोआप मधोमध येतो, आणि उतार आट्यांच्या पुढे असेल तर काजळी आट्यांपर्यंत पोचत नाही. क्यू कंपनीचा चेरी बॉम्ब, रिअर्डनची साधनं, डेड एअरचा झेनो ही या घराण्यातली. झेनोचे आटे उलटे आहेत, सायकलच्या डाव्या पेडलसारखे. त्यात युक्ती आहे: डबा काढायला फिरवलात की त्याच हिसक्याने ब्रेक नळीवर आणखी आवळला जातो, सुटून हातात येत नाही. ज्याने एकदा ब्रेकसकट डबा उपटून हातात घेतलाय त्याला याची किंमत कळते.

तिसरा, कुलूपवाला. डेड एअरचा कीमो, सायलेन्सरकोचा एएसआर, शुअरफायरचा सोकॉम. कडी, दाते किंवा खटका यांनी डबा अडकून राहतो. कीमो बसवताना टकटक आवाज येतो, तो थांबला की बसला. तापून सुटत नाही, आणि एका रायफलीवरून दुसरीवर न्यायला भराभर. बदल्यात वजन आणि लांबी वाढते, आणि तेही नळीच्या अगदी टोकाला, जिथे प्रत्येक औंस खांद्याला दुप्पट जाणवतो. काजळीने हे माउंट जामही होतात. शुअरफायरचं आणखी एक: सोकॉम डबा त्याच घराच्या माउंटशी बांधलेला. उत्तम आहे, पण एकदा त्या घरात गेलात की तिथलेच झालात.

या भांडणातून सुटायची एक वाट आहे, हब. डब्याच्या मागच्या बाजूला १.३७५×२४ चे आटे असतात आणि त्यात वरच्या बहुतेक कंपन्यांचे माउंट बसतात. डेड एअरचा नोमॅड, सायलेन्सरकोचा ओमेगा ३०० हे असे. डब्यावर नंबर असतो, तो सरकारदरबारी तुमच्या नावावर चढतो. माउंट मात्र साधा सुटा भाग, केव्हाही बदला. पहिलाच सप्रेसर घेताय तर शक्यतो हब नसलेला घेऊ नका, असं मी दोघांनाही सांगितलं.

डब्याच्या धातूवर फार वेळ घालवायला नको. टायटॅनियमचं वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त. पण ४०० अंश सेल्सियसच्या पुढे त्याचा जोर ओसरतो आणि अंधारात ठिणग्या उडतात. १७-४ पोलाद, इन्कोनेल, स्टेलाइट हे मिश्रधातू जड, पण भराभर बार सोसणारे. ३० मापाचा, म्हणजे ३०८ चा, डबा २२३ वर चालतो, थोडा जास्त आवाज सोसून. उलट कधीच नाही.

आणि कंपन्यांचे डेसिबलचे आकडे शेजारी ठेवून निवड करू नका. माइक कुठे होता, नळी किती लांब होती, गोळी कुठली, सगळं वेगळं. त्यात पहिला बार सहसा मोठा वाजतो, कारण डब्यात साठलेल्या हवेतला ऑक्सिजन आत पेट घेतो. जाहिरातीतली सरासरी तो कसा धरते हे आपल्याला दिसत नाही.

मावसभावाला सांगितलं: टायटॅनियम, हबवाला, सात इंचांच्या आतबाहेर, आणि निमुळता माउंट. दिवसाला तो पाच-सहा बार टाकणार, त्याला इन्कोनेल काय करायचंय? त्याची नळी २२ इंची, त्यावर नऊ इंची डबा लावून मेस्किटच्या झुडपातून फिरणं म्हणजे कावड घेऊन गल्लीतून जाणं. नळी कापायची असेल तर १६ इंचांच्या खाली जाऊ नकोस, तिथून रायफलही त्याच १९३४ च्या कायद्यात येते. एकच रायफल राहणार असेल तर थेट आट्यांवरही त्याचं भागेल, फक्त पिळून बघायची शिस्त हवी.

मित्राचं उलट. एआर दर बाराला डब्यातला वायू मागे ढकलते आणि तो धूर नेमका डोळ्यात येतो. माझ्या एका जुन्या डब्याने तर मॅगझिन संपेपर्यंत डोळे चुरचुरायचे, जणू कुणी शेजारी मिरच्या भाजतंय. म्हणून त्याला मी आवाजापेक्षा मागे येणाऱ्या वायूकडे बघायला सांगितलं. हक्सवर्क्सचा फ्लो किंवा शुअरफायरचा आरसी३ हे वायू पुढे काढून देतात, कानाला किंचित जास्त, डोळ्याला खूप कमी. ते नको असेल तर पोलादी नोमॅड, कीमो आणि वायूचं प्रमाण कमीजास्त करता येणारा गॅस ब्लॉक. मी असतो तर पहिलं घेतलं असतं. मात्र फ्लो किंवा आरसी३ घेतला तर हबची मोकळीक नाही, माउंट त्या-त्या घराचाच, इतकं मान्य करून.

बसवताना दोन गोष्टी पाळा. ब्रेकखाली चुरगळणारा वॉशर घालू नका, तो एका बाजूला जास्त दबतो आणि सगळं तिरकं होतं. पातळ शिम (सपाट चकत्या) वापरा. आणि आटे चिकटवायला साध्या लॉकटाइटऐवजी रॉकसेट लावा, ते उष्णता सोसतं आणि काढायचं असेल तेव्हा पाण्यात भिजवलं की सुटतं.

डबा घरी आला की पहिली गोळी घालायच्या आधी रायफल रिकामी करून, डबा बसवून, नळीतून अलाइनमेंट रॉड घाला. नळीच्या मापाची सरळ सळई असते. समोरून बघा: डब्याच्या पुढच्या भोकात सळईभोवती सगळीकडे सारखी फट दिसली पाहिजे. माझ्या ३०० ब्लॅकआउट मापाच्या रायफलीच्या नळीवर एका कारागिराने आटे पाडून दिले होते, डोळ्यांना अगदी सुबक. रॉड घातला तर तो पुढच्या भोकाच्या डाव्या कडेला टेकलेला, नखही जाईना. नळी परत गेली, डबा सहा आठवडे तिजोरीत पडून राहिला.